स्थानिक वाहिनीच्या बातमीपत्रात जगातल्या मोठ्या घटना याव्यात का?

सांजवात, सोमवार रात्री १०:४०

एका स्थानिक वृत्तवाहिनीच्या डेस्कवर मी अकरा वर्षं काढली आणि हा प्रश्न जवळजवळ रोज संध्याकाळी समोर यायचा. आता ती नोकरी सोडली आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. वाहिनीचं नाव मात्र सांगणार नाही.

एकाच दिवसाचं सांगते. ४ ऑगस्ट २०२०. कोविडमुळे डेस्कवर निम्मीच माणसं होती. नऊच्या बातमीपत्राला पंधरा मिनिटं उरली होती, रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, तयार होता. पहिली बातमी आमच्या एका स्ट्रिंगरची, म्हणजे बातमीगणिक पैसे मिळणाऱ्या बातमीदाराची, होती. एका वस्तीत पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी एकाच चरातून गेल्या होत्या आणि घरोघरी मुलं काविळीने पडली होती. त्याने पाच घरांतलं पाणी पाच बाटल्यांत भरून एका भिंतीच्या कठड्यावर ओळीने मांडलं होतं आणि त्यावरून सावकाश कॅमेरा फिरवला होता. पहिल्या बाटलीतलं पाणी जवळपास स्वच्छ, पाचवीतलं चहासारखं. त्या एका शॉटमध्ये सगळी बातमी होती.

तेवढ्यात लेबनॉनची राजधानी बैरुत इथल्या बंदरातल्या स्फोटाचे मोबाईलवरचे व्हिडिओ येऊ लागले. तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. आधी धुराचा लोट, मग पांढरा घुमट फुगतो आणि चित्रीकरण करणाऱ्याच्या हातातला फोन उडतो. काय दाखवायचं ते ठरवणारे आमचे आउटपुट प्रमुख म्हणाले, "हे पहिलं घ्या." घेतलं. अकरा मिनिटं चालवलं. अँकरकडे एकूण तीन वाक्यं होती: मोठा स्फोट, बंदराचा परिसर, कारण अस्पष्ट. तीच तो उलटसुलट करून बोलत राहिला आणि मागे तोच घुमट पुन्हा पुन्हा फुगत राहिला. पाण्याची बातमी तिसरी झाली, मग शेवटची झाली, मग "उद्या बघू".

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "काल ते जे फुटलं, तसलं आपल्या इथे कुठे साठवून ठेवलंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. न्यूजरूममध्ये कुणालाच देता आलं नाही. तोवर कळलं होतं की बंदरातल्या एका गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट जवळपास सहा वर्षं पडून होतं. जप्त केलेल्या जहाजातून उतरवलेलं. आम्ही अकरा मिनिटं स्फोट दाखवला होता आणि तो पाहून माणसाच्या मनात जो पहिला प्रश्न येईल, तो आमच्या मनातच आला नव्हता. त्याच आठवड्यात चेन्नईजवळच्या मनालीत कंटेनर गोदामात सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट असल्याची बातमी आली. २०१५ मध्ये जप्त केलेलं. बैरुतनंतर विचारपूस झाली म्हणून ते लिलावात काढून हैदराबादला हलवलं गेलं.

माझं मत असं की जगातल्या मोठ्या घटना स्थानिक बातम्यांत आल्याच पाहिजेत, पण तो फोन करणाऱ्या बाईंचा प्रश्न घेऊन आल्या पाहिजेत. नुसतं दृश्य आणायचं असेल तर आणू नका. तुम्हाला काय वाटतं?


उंबरठा, सोमवार रात्री ११:१५

सांजवात, तुमचं लिखाण वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्षाशी सहमत नाही. स्थानिक वाहिनीने जगाच्या भानगडीत पडूच नये.

कारण साधं आहे. बैरुत दाखवायला त्या रात्री शंभर वाहिन्या होत्या. ती पाचवी बाटली दाखवायला एकच होती. तुम्ही माघार घेतलीत तर तिथे दुसरं कुणी येत नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या मायनॉट गावाची गोष्ट इथे किती जणांना माहीत आहे? १८ जानेवारी २००२ ला पहाटे दीडच्या सुमारास गावाजवळ मालगाडी घसरली आणि टाक्यांमधून अमोनिया वायू पसरला. गावातल्या बहुतेक व्यावसायिक रेडिओ केंद्रांची मालकी एकाच बाहेरच्या कंपनीकडे गेली होती. पोलिसांना लोकांना सांगायचं होतं की घरातच थांबा, दारं-खिडक्या लावून घ्या. पण केंद्रावर फोन केला तर माणूसच भेटेना. एक जण दगावला, शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. देशभराचा कार्यक्रम त्या केंद्रांवरून चालूच होता. गावाला गावाचा आवाज मात्र नव्हता.

स्थानिक माध्यमाचं काम हे आहे. बाकी सगळं करायला जग पडलंय.


भूगोलमास्तर, मंगळवार सकाळी ७:०५

मी बत्तीस वर्षे भूगोल शिकवला, त्यामुळे माझे मत काहीसे ठाम आहे.

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ आठवा. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमात्राच्याच आचे प्रांताच्या किनाऱ्यावर लाटा अर्ध्या तासाच्या आत पोचल्या. श्रीलंका आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याला साधारण दोन तास मिळाले. सोमालियाला सुमारे सात तास. तरीही सोमालियात माणसे मेली. हिंद महासागरात तेव्हा त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती, हे खरे. पण पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी प्रचंड भूकंप झाला आहे हे वृत्तसंस्थांच्या तारेवर आले होते. ती 'परदेशातली बातमी' म्हणून आली आणि दोन तासांत ती दारातली बातमी झाली.

उंबरठा, मायनॉटचे उदाहरण तुम्ही उत्तम दिलेत. पण एक सांगा, त्या सकाळी किनाऱ्यावरच्या गावातल्या स्थानिक वाहिनीने सुमात्रा 'आमचा विषय नाही' म्हणून बाजूला ठेवला असता, तर ती आपले काम करत होती असे तुम्ही म्हणाल का?

वर्गात मी मुलांना भिंतीवरचा नकाशा दाखवताना दोरी वापरायचो. दोरीचे एक टोक आपल्या ठिकाणावर, दुसरे घटनेच्या ठिकाणावर. मग विचारायचो, या दोरीवरून काय येते? वारा येतो, पाणी येते, माणसे येतात, आजार येतात, माल येतो. दोरीवरून काहीच येत नसेल अशी जागा मला बत्तीस वर्षांत सापडली नाही.


श्रावणसर, मंगळवार सकाळी ८:३०

मास्तरांची दोरी फार आवडली. +१


दीपस्तंभ, मंगळवार दुपारी १:५०

मी सहसा इथे नुसती वाचते. आज लिहिते, कारण हे माझ्या घरात घडलं आहे.

माझे यजमान मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं जहाज बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरणार होतं. १९ नोव्हेंबरला 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरने उतरून २५ खलाशांसकट पळवून नेलं होतं, त्यामुळे आमच्या घरात आधीच झोप नव्हती.

एका दुपारी आमच्या स्थानिक वाहिनीवर खाली पट्टी सुरू झाली, "मालवाहू जहाजावर हल्ला". बस, एवढंच. वर एका जळत्या तेलवाहू जहाजाचं चित्र. माझ्या सासूबाईंना आमची भाषा सोडून दुसरी येत नाही, त्या हीच एक वाहिनी बघतात. त्या टीव्हीसमोरून उठल्या नाहीत. तीन तास ती पट्टी फिरत होती. जहाजाचं नाव नाही, कुठल्या देशाचा झेंडा ते नाही, कुठे ते नाही, खलाशी कसे आहेत ते नाही. मी इंग्रजी बातम्या, कंपनीचा नंबर, यजमानांच्या सहकाऱ्यांच्या बायका, सगळीकडे शोधत होते आणि सासूबाई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "हेच का गं ते?" पुढे कळलं की वर दाखवलेलं जळतं जहाज काही वर्षांपूर्वीच्या वेगळ्याच घटनेतलं होतं.

रात्री उशिरा यजमानांचा निरोप आला. त्यांचं जहाज वाटेतूनच वळवलं होतं, आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. दहा-बारा दिवस जास्त लागणार होते, पण सगळे सुखरूप होते.

उंबरठा, तुम्ही म्हणता जगाचं दाखवायला बाकीचे आहेत. माझ्या सासूबाईंसाठी बाकीचं कुणी नाही. आणि सांजवात ताई, तुम्ही म्हणता नुसतं दृश्य आणायचं असेल तर आणू नका, ते त्या दिवशी आमच्या घरी कुणीतरी पाळायला हवं होतं. मला चारच गोष्टी हव्या होत्या: नाव, झेंडा, ठिकाण, खलाशी.


कात्री, मंगळवार दुपारी ३:२०

मी व्हिडिओ एडिटर आहे. दीपस्तंभ यांनी जे लिहिलंय ते कसं घडतं ते सांगतो.

रॉयटर्स, एपी, एएफपी या वृत्तसंस्थांकडून जे फीड, म्हणजे विकतचं चित्रीकरण, येतं त्याच्यासोबत एक कागद येतो, शॉटलिस्ट. त्यात प्रत्येक शॉट कुठला, कुठल्या तारखेचा, कुणी घेतलेला, कुठे वापरायला बंदी आहे, सगळं लिहिलेलं असतं. जुनं चित्रीकरण असेल तर 'फाइल' असा स्पष्ट उल्लेख असतो. म्हणजे माहिती येते. पण मोठ्या घटनेच्या दिवशी एडिटरला "जहाज जळतानाचं काहीतरी टाक" असा निरोप येतो आणि तो संग्रहात 'जहाज आग' शोधून पहिलं सापडेल ते लावतो. संग्रहात टाकताना शॉटलिस्ट कुणीतरी काढून टाकलेली असते. 'संग्रहित' हा शब्द कोपऱ्यात लिहायला चार सेकंद लागतात. ते चार सेकंद कुणी देत नाही.

छोट्या वाहिन्या तर फीडचे पैसेच भरत नाहीत. मग समाजमाध्यमांवरून उचलतात. 'आर्मा ३' नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. त्यातली लढाई खरी म्हणून किती ठिकाणी दाखवली गेली याला गणती नाही. २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या नावाने, २०२२ मध्ये युक्रेनच्या नावाने. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या कंपनीलाच निवेदन काढून सांगावं लागलं की आमच्या गेममधली दृश्यं खऱ्या युद्धापासून कशी वेगळी ओळखायची: रात्रीची, थरथरती, धूसर, हलती माणसं न दिसणारी, आवाज नसलेली.

म्हणून मी उंबरठा यांच्या बाजूचा आहे. तपासायला माणूस नसेल तर दाखवू नका. आपल्या गावातली चूक प्रेक्षक पकडतो, "अहो, हा रस्ता आमचा नाही" म्हणून फोन करतो. चार हजार किलोमीटरवरची चूक कोण पकडणार?


टिपणवही, मंगळवार सायंकाळी ६:१०

चांगली चर्चा चालली आहे. 'मोठी घटना' कशाला म्हणायचं, याकडे मात्र अजून कुणी वळलेलं नाही, आणि मला सगळा गुंता तिथेच आहे असं वाटतं.

नोव्हेंबर २०१४. मेलबर्नमधल्या लॅक्रोस नावाच्या उंच निवासी इमारतीत आठव्या मजल्याच्या गॅलरीत सिगारेटमुळे आग लागली. बाहेरच्या भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक भरलेलं आवरण होतं. त्यावरून आग दहा-अकरा मिनिटांत थेट वरच्या टोकापर्यंत गेली. एकही माणूस मेला नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियाबाहेर ती फारशी कुणी दाखवली नाही. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर पेटला, तसल्याच प्रकारचं आवरण, आणि ७२ माणसं मेली. ती बातमी जगभर गेली. त्यानंतर कुठे कुठे गावोगावी विचारणा सुरू झाली की आपल्या इमारतींच्या भिंतींवर काय लावलंय.

पाहणाऱ्याच्या उपयोगाची बातमी मेलबर्नची होती. अडीच वर्षं आधीची. पण ती मोजपट्टीत बसली नाही, कारण मोजपट्टी मृतांच्या आकड्याची होती.

उलट बाजूही आहे. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत रवांडात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. सुरुवातीच्याच दिवसांत परदेशी माणसांना बाहेर काढलं गेलं, त्यांच्यासोबत बहुतेक कॅमेरेही गेले. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेत सर्व वंशांच्या मतदानाची पहिली निवडणूक होती, आफ्रिकेतले बरेचसे बातमीदार तिकडे जमले होते. आकडा इतका प्रचंड असूनही पडद्यावर घटना छोटी राहिली, कारण दृश्यं नव्हती. ज्या वाहिनीचं जग फीडवर चालतं, तिच्यासाठी फीडमध्ये नसलेलं घडतच नाही.

योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या अभ्यासकांनी १९६५ मध्ये नॉर्वेच्या चार वर्तमानपत्रांत काँगो, क्युबा आणि सायप्रसच्या बातम्या कशा आल्या ते तपासलं होतं. बातमी होण्यासाठी घटना अचानक घडावी लागते, ठळक असावी लागते, वाचकाला जवळच्या वाटणाऱ्या संस्कृतीतली असावी लागते, बलाढ्य देशांशी जोडलेली असावी लागते, असं बरंच त्यात आहे. साठ वर्षं होऊन गेली, त्यात फारसा फरक पडलेला दिसत नाही.


उंबरठा, मंगळवार रात्री ९:००

दीपस्तंभ, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. "जगाचं दाखवायला बाकीचे आहेत" हे वाक्य मी लिहिलं तेव्हा तुमच्या सासूबाईंसारखी माणसं डोळ्यांसमोर नव्हती. ते वाक्य मागे घेतो.

बाकीचं मात्र मागे घेत नाही. टिपणवही, तुमचं मेलबर्नचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. भिंतीवर काय लावलंय हे शोधायला परदेशातली आग कशाला लागते? भोपाळमध्ये राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने १९८२ मध्येच 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात लिहिलं होतं की युनियन कार्बाइडचा कारखाना शहराच्या जिवावर उठणार आहे, शहर वाचवा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा लिहिलं. त्यासाठी त्याला बैरुत लागलं नाही. कारखान्यातल्या कामगाराच्या मृत्यूपासून त्याने धागा धरला. जगाला भोपाळ कळलं ते २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर. आधी ती दोन वर्षं एका माणसाची स्थानिक बातमी होती आणि कुणी ऐकली नाही.

त्या साप्ताहिकाने कागद जगातल्या घडामोडींवर खर्च केला असता तर?


सांजवात, मंगळवार रात्री १०:२५

उंबरठा, केसवानींचं उदाहरण काढलंत त्याबद्दल मनापासून आभार. पण केसवानींसारखा एखादा असतो. आमच्यासारख्या डेस्कवर बसलेल्या साध्या माणसांना प्रश्न सुचायला कधी कधी बाहेरचा धक्का लागतो, आणि तो लागला तर त्याचा उपयोग करावा, एवढंच माझं म्हणणं.

त्या बाईंच्या फोननंतर काय झालं ते काल लिहिलं नव्हतं. मी आणि एक कॅमेरामन, आम्ही अग्निशमन दलाच्या कार्यालयात गेलो. विचारलं, तुमच्या हद्दीत स्फोटक किंवा ज्वालाग्राही माल कुठे कुठे साठवायला परवानगी दिली आहे? पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. तिसऱ्या दिवशी एका जुन्या कारकुनाने लोखंडी कपाटातून एक नोंदवही काढली, हाताने लिहिलेली. त्यात एका गोदामापुढे परवान्याची मुदत तीन वर्षांपूर्वी संपल्याची नोंद होती आणि पुढचा रकाना कोरा. त्या गोदामाच्या एका बाजूला लागूनच बालवाडी होती. अमोनियम नायट्रेट तिथे नव्हतं, रंग आणि थिनरचे पिंप होते. आम्ही दोन मिनिटं चाळीस सेकंदांची बातमी केली. बैरुतचं दृश्य त्यात फक्त सहा सेकंद वापरलं.

त्या बातमीला आम्हाला त्या महिन्यातले सर्वाधिक फोन आले. आणि सगळे फोन आपापल्या गल्लीतल्या गोदामाबद्दल होते.

कात्री, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणून सांगते, जागतिक घटनेसाठी स्थानिक वाहिनीला दृश्यं लागतातच असं नाही. दीपस्तंभ यांच्या सासूबाईंना जळतं जहाज नको होतं, एक नकाशा आणि चार ओळी पुरल्या असत्या. अँकरने सरळ वाचून दाखवलं असतं: अमुक नावाचं जहाज, अमुक झेंडा, अमुक ठिकाणी, खलाशांची स्थिती अशी, आणि आम्हाला एवढंच कळलं आहे. वीस सेकंद.


भूगोलमास्तर, बुधवार सकाळी ६:५०

नकाशा! सांजवात, तुम्ही माझ्या मनातले बोललात. युद्धाची तासन्‌तास दृश्ये दाखवतात, पण ते ठिकाण पृथ्वीवर कुठे आहे हे दाखवायला अर्धे मिनिट काढत नाहीत. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले, तेव्हा माझ्या माजी विद्यार्थ्यांचे फोन आले की सर, कालवा इतका अरुंद आहे हे आम्हाला आजच समजले. जहाज चारशे मीटर लांब, कालवा त्याहून अरुंद, आणि जगाच्या व्यापारातला सुमारे बारा टक्के माल तिथून जातो. ज्यांचे माल भरलेले कंटेनर मागे रांगेत थांबले होते ते छोटे कारखानदार जगात गावोगाव होते. त्यांच्याकडे एकही कॅमेरा गेलेला मी पाहिला नाही. सगळ्यांनी ते एकच हवाई चित्र दाखवले.


टिपणवही, बुधवार दुपारी १२:४०

एकाच बातमीपत्रात स्थानिक, देशातलं आणि जगातलं एकत्र देण्याचा प्रयोग स्कॉटलंडमध्ये प्रत्यक्ष झाला आहे, तो इथे यायला हवा.

बीबीसीवर सायंकाळी सहाला लंडनहून देशाचं आणि जगाचं बातमीपत्र, मग साडेसहाला प्रादेशिक, अशी पद्धत आहे. स्कॉटिश लोकांची मागणी होती की आम्हाला सहाचं बातमीपत्र इथूनच, आमच्या नजरेतून हवं, ज्यात जगही असेल. तिला 'स्कॉटिश सिक्स' म्हणायचे. १९९८ मध्ये बीबीसीने ती फेटाळली. मग अनेक वर्षं वाद. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये बीबीसी स्कॉटलंड ही नवी वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर रात्री नऊला तासाभराचं 'द नाइन'. स्कॉटलंड, ब्रिटन आणि जग, तिन्ही एकत्र. चांगले पत्रकार, स्वतःचे बातमीदार. प्रेक्षक मात्र फारच कमी राहिले आणि मे २०२४ मध्ये ते बंद झालं.

जर्मनीत वेगळी वाट आहे. रात्री आठचं पंधरा मिनिटांचं 'टागेसशाऊ' मुख्य वाहिनीवर लागतं तेव्हाच बहुतेक प्रादेशिक सार्वजनिक वाहिन्याही तेच दाखवतात, आणि आपल्या भागाच्या बातम्या त्याआधी स्वतंत्रपणे देतात. म्हणजे प्रादेशिक वाहिनी बघणाऱ्यालाही जग मिळतं, पण प्रादेशिक डेस्कची माणसं त्यात गुंतत नाहीत.

मला स्वतःला जर्मन पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.


उंबरठा, बुधवार दुपारी २:१५

जर्मन पद्धत मला चालेल. जग बाहेरून तयार होऊन येऊ दे, आमच्या बातमीदाराला हात लावू नका.

फक्त एक भीती. बाहेरून तयार येणारं साहित्य कुणाच्या हातचं? २०१८ मध्ये अमेरिकेत एकाच कंपनीच्या डझनावारी स्थानिक वाहिन्यांच्या अँकरांनी शब्दन्‌शब्द तेच निवेदन वाचल्याचा एकत्र जोडलेला व्हिडिओ फिरला होता. प्रत्येक जण आपापल्या गावचा ओळखीचा चेहरा, आणि वाक्य सगळ्यांचं एकच. तेव्हा पैसा आणि माणूस कुणाचा हे पहिल्यांदा विचारावं लागेल.


दीपस्तंभ, बुधवार दुपारी ४:३०

टिपणवही, जर्मन पद्धतीत पंधरा मिनिटांत सगळं जग मिळेल, पण माझ्या सासूबाईंचं काय होईल? त्या आठच्या बातम्यांत असं येईल की तांबड्या समुद्रात तणाव वाढला आणि विम्याचे दर वाढले. ६ मार्च २०२४ ला 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले. त्या रात्रीच्या बातम्यांत मी जहाजाचा मालक कोण, माल कुठला, यावरची चर्चा ऐकली. त्या तिघांपैकी दोघे फिलिपिन्सचे होते, एक व्हिएतनामचा. त्यांच्या गावच्या वाहिनीने ती बातमी कशी दिली असेल, हे मला अजून मनात येतं. त्यांच्यासाठी ती जागतिक बातमी नव्हती.

माझी मागणी छोटी आहे. जिथून माणसं समुद्रावर जातात तिथल्या वाहिनीवर समुद्राची बातमी तिथल्याच माणसाने लिहिलेली असावी. ज्याला माहीत आहे की आज कुठल्या घरात टीव्हीसमोर कोण बसलं आहे.


कात्री, बुधवार सायंकाळी ७:४५

दीपस्तंभ, हे वाचून मी माझं आधीचं म्हणणं थोडं बदलतो. तपासायला माणूस नसेल तर दृश्य दाखवू नका, असं म्हणायला हवं होतं. बातमीच देऊ नका, हे चूक होतं. आमच्याकडे परवापासून मी एक सुरू केलं आहे: बाहेरचं दृश्य संग्रहात टाकताना तारीख आणि ठिकाण फाइलच्या नावातच लिहायचं, म्हणजे कुणी काढून टाकू शकणार नाही. दोन दिवस झाले, अजून कुणी अडवलेलं नाही.


श्रावणसर, बुधवार रात्री ८:३०

सांजवात ताई, सगळे जगाबद्दल बोलतायत, पण माझ्या डोक्यातून त्या पाच बाटल्या जात नाहीत. त्या पाण्याच्या बातमीचं पुढे काय झालं? लागली का?


सांजवात, बुधवार रात्री ११:०५

श्रावणसर, आमच्याकडे नाही लागली.

स्ट्रिंगरला बातमी दाखवली गेली तरच पैसे मिळायचे. पाच तारखेला त्याने फोन केला, मी "आज नक्की" म्हटलं. बैरुतचं दुसऱ्या दिवशीचं आलं. सहा तारखेला पुन्हा "आज". मग मीच गोदामाच्या मागे लागले होते, आणि खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत मला त्याच्या बातमीची आठवणही राहिली नाही. आठवड्याने त्याने ती दुसऱ्या एका वाहिनीला दिली. तिथे दीड मिनिट लागली, बाटल्यांच्या शॉटसकट. दिवाळीच्या आधी तो चर उकरून पाण्याची वाहिनी वेगळी टाकली गेली, असं त्यानेच नंतर कळवलं. आमच्यासाठी त्याने पुन्हा काम केलं नाही.

मूळ चित्रीकरण आमच्या सर्व्हरवर होतं. नोकरी सोडताना मी फाइल शोधली. कात्री, तुम्ही म्हणता तसंच झालं होतं, फाइलचं नाव 'पाणी सामान्य' असं ठेवलेलं होतं. ना वस्तीचं नाव, ना तारीख, ना त्याचं नाव. मी ती उघडली, नाव बदलून तिन्ही गोष्टी लिहिल्या आणि तशीच ठेवून आले.